आरतीला तुटणारे इंटरनेट

“आता काय बदलायचे राहिले, बाई?” मठाच्या नरहरबुवांनी विचारले.

“काहीच नाही,” माणिकबाई उपासनी म्हणाल्या.

मठात इंटरनेट आणले ते माणिकबाईंनी. राउटर त्यांनीच निवडला, सभामंडपात त्यांनीच बसवला, आणि तो रोज आरतीच्या वेळी का बंद पडतो हे शोधण्याचे कामही त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिले नव्हते. जन्मभर मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाई होत्या त्या.

बुवांच्या गुरुभगिनी कमळाक्का धारवाडला मुलाच्या घरी अंथरुणाला खिळल्या होत्या. चालत होत्या तोवर त्यांनी मठाची आरती कधी चुकवली नव्हती. आता फोनवर त्या बुवांचे प्रवचन ऐकत; आरती सुरू झाली की चित्र तुटे. डॉक्टरांनी आशा सोडली होती. एकदा पूर्ण आरती दाखवा, एवढेच कमळाक्कांचे मागणे होते.

“जागा बदलली. केबल बदलली. शेवटी राउटरच नवा आणला,” बाई म्हणाल्या. “कंपनीचा माणूस म्हणतो, लाइन चोख आहे. दोष माणसांचा आहे, बुवा. आरतीला गर्दी होते आणि सगळ्यांचे फोन एकदम त्याच्यावर तुटून पडतात.”

“परवा तर तुम्ही सगळ्यांचे फोन दारातल्या टोपलीत ठेवायला लावलेत. तरी तुटलेच.”

“कोणीतरी लपवला असणार.”

खांबाला टेकलेले दामूअण्णा पुजारी हसले. “माझी झडती झाली, बुवा. तपकिरीची डबी सापडली.”

बुवा उठले.

“आज आरती एकदम नको. तिच्यातली एकेक गोष्ट करून पाहू. बाई, तुम्ही राउटरसमोर बसा. त्याच्या दिव्यावर डोळा ठेवा.”

धारवाडला फोन लावला. कमळाक्कांचा चेहरा दिसू लागला.

मंडळी आत आली, फोन खिशात घेऊन. दिवा हिरवाच राहिला.

गाभाऱ्यातले दिवे लावले. हिरवा.

दामूअण्णांनी निरांजन पेटवले, हातातली घंटा वाजवली. हिरवा.

“झाले?” बुवांनी विचारले.

“झाले.”

“एवढीच असते आपली आरती?”

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिले.

कोपऱ्यात नगाऱ्याचे यंत्र होते. कळ दाबली की विजेच्या मोटरवर नगारा, झांजा आणि घंटा एकदम वाजू लागत. यजमान गेल्यावर बाईंनी त्यांच्या स्मरणार्थ ते मठाला दिले होते. त्यावर पितळी पट्टी होती: कै. वासुदेव उपासनी. ती पट्टी बाई रोज स्वतः पुसत.

यंत्राची वायर आणि राउटरची वायर एकाच बोर्डात गेली होती. बाई ते रोज पाहत होत्या.

दामूअण्णांनी कळीकडे हात नेला. बुवांनी तो धरला.

“त्यांना दाबू द्या.”

...

बाईंनी कळ दाबली. नगारा धडधडला. दिवा लाल झाला. फोनमधला कमळाक्कांचा चेहरा थिजला.

बाईंनी कळ बंद केली. दिवा हिरवा होईपर्यंत थांबल्या, आणि त्यांनी ती पुन्हा दाबली. पुन्हा लाल. एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढणे त्यांना कधी मान्य नव्हते. आजही झाले नाही. बुवा त्यांच्याकडे कौतुकाने पाहत राहिले.

“मोटरमुळे होते,” बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. हात मात्र पदरात गेले होते. “आपल्याला ठाऊक होते?”

“संशय होता.”

“मग इतके दिवस...”

“मी सांगितले असते, तर पटले असते?”

बाईंनी क्षणभर विचार केला.

“नसते.” मग त्या म्हणाल्या, “उद्या वायरमनला बोलावते. यंत्राला दुसरीकडून वीज देता येईल.”

“कमळा आज वाट पाहते आहे.”

बाईंनी वाकून यंत्राचा प्लग स्वतः काढला.

माळ्यावरचा जुना नगारा खाली आला. तो दामूअण्णांनी वाजवला. मंडळींनी टाळ्यांचा ठेका धरला. बाई राउटरसमोरून हलल्या नाहीत. दिवा शेवटपर्यंत हिरवा राहिला.

आरती संपली तेव्हा फोनमधून बारीक आवाज आला.

“माणिक... किती दिवसांनी टाळ्या ऐकू आल्या गं.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

प्रसाद वाटताना ठरले: यंत्र बंद राहील, नगारा हाताने वाजेल, पट्टी आहे तिथेच राहील. प्रस्ताव बाईंनीच मांडला. दामूअण्णा म्हणाले, “माझे खांदे दुखतील, पण चालेल.” बाकीच्या मंडळींनीही होकार दिला.

निघताना बाई उंबऱ्याशी थांबल्या.

“आणि पुन्हा तुटले तर, बुवा?”

बुवा दारापर्यंत आले.

“तुमचे दान आज तपासून झाले. त्या वेळी, मी मठाला काय दिले आहे ते तपासा.”