ओट्याचं माप

शेजारचे शिरगावकरसाहेब रिटायर झाले आणि गाडीमागे जोडून सहलीला न्यायचा ट्रेलर अंगणातच बांधू लागले. आत जेमतेम दोन माणसं झोपतील, तरी स्वयंपाकघर हवंच, असा साहेबांचा हुकूम. बाहेरचं त्यांना चालत नाही म्हणे. मंदावहिनींना मात्र सहलीत तरी गॅसपासून सुटका हवी होती. मी आपली कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते, तेच तेच, पुन्हा पुन्हा.

सुताराने विचारलं, "साहेब, ओटा किती उंच घेऊ?"

साहेब गरजले, "एवढंही कळत नाही? राबणाऱ्याच्या उंचीने घ्यायचा."

"अगदी बरोबर," वहिनी पुढे आल्या. "घरचा ओटा माझ्या मापाचा आहे. हा सहलीचा, तो यांच्या मापाने घ्या. अहो, जरा पोळ्या लाटताय असे उभे राहा बघू."

सुतार टेप घेऊन साहेबांच्या कमरेपाशी वाकलासुद्धा. मी ओला टॉवेल तोंडात कोंबला.

साहेबांनी घसा खाकरला. "तसे... वाटेत ढाबे पुष्कळ आहेत."

ओट्याच्या जागी आता खिडकी आणि बैठक आली आहे. वहिनी तिथे पाय पसरून बसतात. आणि आमच्याकडे? त्याच संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "जरा सरळ उभे राहा, माप घ्यायचंय."