सोमवारची गोळी

"जेवलास का?"

डॉक्टर सौमित्र वाळिंबेने प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखा केला.

"मॅडम, ते राहू द्या. आधी मला सांगा, रोग्याला आपला रोग किती कळलाय, हे मोजता येतं की नाही?"

वत्सलाबाई आगाशे यांनी डबा उघडायला घेतला होता. झाकण त्यांना एका हाताने निघत नसे. ते पोटाशी धरून, दोन्ही तळव्यांत दाबून फिरवावं लागे. उभा जन्म लोकांच्या सांध्यांवर उपचार केले आणि म्हातारपणी तोच आजार स्वतःच्या बोटांत मुक्कामाला आला. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. इतक्या जणांकडे गेला, माझ्याकडेच येणार नाही असं कसं, एवढंच त्या म्हणत.

"तू मोजलंस?" त्यांनी विचारलं.

"मोजलं."

सौमित्र त्यांचा विद्यार्थी. आपण हुशार आहोत हे त्याला शाळेतच कळलं होतं आणि तेव्हापासून तो ते एक दिवसही विसरला नव्हता. पण मनाने चांगला. कृष्णाकाठच्या या गावात, घाटावरच्या धर्मशाळेत बाईंनी संधिवाताचा मोफत दवाखाना सुरू केला होता. दर सोमवारी तो भरे. बाईंचे हात चालेनासे झाले तेव्हा सौमित्रने तो न सांगता अंगावर घेतला. बाई आता नुसत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायला येत.

"सांधा का सुजतो, गोळी कशासाठी, किती घ्यायची, कधी, जेवणाआधी की नंतर, चुकली तर काय करायचं... सगळं विचारलंय. अगदी सोप्या मराठीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी स्वतः वाचून दाखवतो."

"बरं."

"बहुतेकांची दांडी उडाली. एकाने सांगितलं, सांधे वांग्याने सुजतात. पण एक बाई, मॅडम... एकही उत्तर चुकलं नाही!"

"कोण?"

"शेवंताक्का. कासारीण."

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

शेवंताक्काला त्या ओळखत होत्या. देवळाच्या वाटेवर तिचं बांगड्यांचं दुकान. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याजवळचं हाड हलकेच दाबायचं आणि काच न तडकू देता बांगडी मनगटावर सरकवायची, हे तिचं काम. पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा तिच्या बोटांना चहाची कपबशीसुद्धा पेलत नव्हती. सौमित्रने आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली आणि दोन-तीन महिन्यांत हात चालू लागले. तेव्हा तिने दवाखान्यात पेढे वाटले होते. पुढे काय बिनसलं कोणास ठाऊक, सूज परत आली. आता ती पुन्हा होती तिथेच होती.

"आज तिला इंजेक्शन सुरू करतोय," सौमित्र म्हणाला. "आणून ठेवलंय. बर्फात आहे."

"तिला पूर्वी टीबी झाला होता ना?"

सौमित्र जरा थांबला.

"हो... ते इंजेक्शन दबलेला टीबी उठवू शकतं, माहीत आहे मला. तपासण्या केल्यात. धोका आहेच. पण दुसरा इलाज काय? सून दुकानात बसायला लागलीय. अक्का नुसत्या मागे बसून असतात. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी म्हटलं असतं, गोळ्या नीट घेत नसेल. पण जिला सगळं इतकं चोख कळलंय, तिच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. म्हणजे गोळी हरली. सरळ हिशेब आहे."

"गोळ्या घेते का, विचारलंस?"

"दर वेळी विचारतो, अक्का, गोळ्या आहेत ना? हायत की भरपूर, म्हणतात."

बाईंनी भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

सौमित्रला ते गप्प बसणं टोचलं. "तुमच्यासमोर विचारतो. मग तर झालं?"

त्याने शेवंताक्काला आत बोलावलं. ती आली, सवयीने आधी बाईंच्या आणि मग सौमित्रच्या पाया पडायला वाकली. गुडघा अर्ध्यातच अडला, तेव्हा हात जोडून तिथेच थांबली.

"अक्का, तुमची गोळी किती वेळा घ्यायची?"

"आठवड्यातनं एकदा."

"कोणत्या वारी?"

"सोमवारी."

सोमवार सौमित्रनेच ठरवून दिला होता, सगळ्या रोग्यांना एकच. दवाखान्याचा वार म्हणजे कोणी विसरणार नाही, ही त्याची युक्ती. तिचा त्याला फार अभिमान होता.

"कशी घ्यायची?"

"जेवल्यावर. उपाशीपोटी न्हाई, पोटात जळजळ हुती."

"आणि सोमवारी राहिली तर?"

"तर राहू द्यायची. वार मोडायचा न्हाई. दोन गोळ्या मागंपुढं पडल्या तर जिवावर बेतंल."

सौमित्रने बाईंकडे पाहिलं. वर्गात पहिला नंबर आलेल्या मुलाच्या बापासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी डब्यातली भाकरी उचलली, तीवर पिठलं ठेवलं आणि आपल्या वाकड्या बोटांनी ती शेवंताक्कापुढे धरली.

"घ्या अक्का. माझ्याबरोबर चार घास खा."

शेवंताक्का एक पाऊल मागे सरली.

"आज न्हाई, बाई. आज सोमवार."

"उपवास?"

"व्हय."

"संध्याकाळी सोडता?"

"न्हाई. मंगळवारी सकाळीच. पूजा झाली की."

भाकरी तशीच धरलेली राहिली... बाहेर कोणीतरी आपला नंबर विचारत होतं.

सौमित्रचा चेहरा हळूहळू उतरला.

"अक्का... मग सोमवारची गोळी?"

"ती कशी घ्यायची?" शेवंताक्काला त्याचंच नवल वाटलं. "जेवल्याबिगर घ्यायची न्हाई, तुमीच सांगितलंय की."

"मग मंगळवारी घ्यायची!"

"वार मोडायचा न्हाई, ते बी तुमीच सांगितलंय."

सौमित्र स्टुलावर बसला. तिने त्याचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. सगळे शब्द पाळले होते आणि त्या सगळ्यांच्या मध्ये गोळी तशीच राहिली होती.

"कधीपासून धरलेत हे सोमवार?"

"गुण आला तवापास्नं." शेवंताक्का आता लाजली. "हात चालाया लागलं न्हवं... मनात आलं, डाक्टरांनी एवढं केलं, आपुन काय करायचं? पैसा तर तुमी घेत न्हाई. मग म्हनलं, गोळीचा वार हाय तोच महादेवाचा. सोमवार धरावं, तुमच्या नावानं. तुमच्या हाताला असंच यश मिळू दे म्हनून."

"माझ्या नावानं..."

"मग मधीच सूज आली. म्हनलं, उपवासात काय तरी खोट ऱ्हायली. पयल्यांदा भगर खात हुते, ती बी सोडली. आता नुसतं पानी."

"आणि गोळ्या?"

"देवापुढं हायत सगळ्या. तुमी द्याल तवा घेत गेले. न्हाई कसं म्हनायचं? तुमाला वाईट वाटलं असतं."

सौमित्रला आधी राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. तो ओठांपर्यंत आला आणि तिथून परत गेला. कोणावर काढणार? ही बाई आठवड्यातला एक दिवस त्याच्यासाठी उपाशी राहत होती. त्याच्या हाताला यश मिळावं म्हणून स्वतःचे हात घालवून बसली होती. आणि तो तिला आज, आणखी थोड्या वेळात, इंजेक्शन टोचणार होता.



"मी सोमवार सोडू का?" शेवंताक्काने घाबरत विचारलं. "तुमी म्हनाल तर सोडते. पर..."

"नाही, नाही." तो उठला आणि तिचे सुजलेले हात त्याने हातात घेतले. आजवर त्याने ते शंभरदा तपासले होते, पण असे धरले नव्हते. "सोमवार राहू द्या, पण पाणी तेवढं भरपूर प्या. गोळीचा वार बदलू. मी बदलतो, म्हणजे मोडला असं होत नाही. उद्या सकाळी पूजा झाली, उपवास सोडला, पोटभर जेवलात, की त्यावर एक गोळी. तिथून पुढे दर मंगळवारी, एकच. देवापुढच्या गोळ्या सगळ्या इकडे आणून द्या. त्यातून कोणती घ्यायची ते मी बघतो."

"आन् सुई?"

"सुई नको आता. आधी गोळीला तिचं काम करू दे. तिला आपण करूच दिलं नाही."

शेवंताक्काचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुमी रागवाल."

"मीच तुमची माफी मागायला हवी, अक्का."

"माफी कशाची? तुमी हाय म्हनून तर हात चाललं हुतं एकदा..." तिने सुजलेल्या बोटांनीच त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडायला गेली, ती मुडपेनात तेव्हा हसली आणि हळूहळू बाहेर गेली.



सौमित्रने बर्फाच्या डब्यावर झाकण लावलं. त्याला मनापासून बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं. बाईंनी एका भाकरीने केवढा अनर्थ टाळला होता. त्यांचे आभार कसे मानावेत ते त्याला कळेना. बाईंना आभार मानलेले आवडत नसत, हेही त्याला माहीत होतं. प्रश्नांचे कागद मघापासून टेबलावर पडले होते. त्याने ते उचलले, वरपासून खालपर्यंत पुन्हा चाळले.

"मॅडम, सगळं तर विचारलं होतं मी... मग राहिला तरी कोणता प्रश्न?"

वत्सलाबाईंनी हातातल्या भाकरीचे दोन भाग केले. त्यातला मोठा भाग त्याच्यापुढे केला.

"जेवलास का?"