चांद्याचे दात

फार पूर्वी, घरोघरी घाण्याचं तेल जायचं त्या काळात, एका गावात एक तेली आणि तेलीण राहत. घाणा एक, बैल एक. बैलाच्या कपाळावर चंद्र, म्हणून नाव चांद्या. तेलीण त्याच्याशी इतकं बोलायची, की तेली म्हणे, "बाई, लग्न माझ्याशी झालंय की ह्याच्याशी?"

चांद्या आता थकला होता. नवा बैल तीस रुपयांचा, आणि तेलिणीच्या गाडग्यात होते वीस. वरचे दहा जमले नाहीत, तर चांद्याला विकूनच भर घालावी लागणार. म्हाताऱ्या बैलाला बाजारात खाटकाशिवाय कोण घेतं?

एक दिवस तेली धावतच घरी आला. "अगं, मिरी आणायला व्यापाऱ्यांचा तांडा निघालाय! तांड्याचा नायक म्हणतो, पैसे घाला, एकाचे तीन देतो! शेजारच्या तेल्यानं सगळी पुंजी दिलीसुद्धा. आण ते गाडगं!"

तेलीण उठली ती थेट गोठ्यात गेली, आणि चांद्याचं तोंड उघडून बघू लागली.

"पैसे तांड्याला द्यायचेत, तू बैलाचे दात काय बघतेस?"

"पैसे लागणार ते ह्याच्यापायीच ना? मग कधी लागणार, ते ह्यालाच विचारायला नको?" दात पार झिजले होते. तिनं सुस्कारा सोडला. "दोन वर्षं घाणा ओढेल. फार तर."

मग ती नायकाकडे गेली. "दादा, तांडा परत कधी?"

"दोन वर्षांत. कधी तीनही लागतात, ताई."

"आणि कधी येतच नाही?"

नायक सरळ माणूस. म्हणाला, "एकदा पुरात सगळं गेलं. पण आला तर तिप्पट!"

वाटेत माळी भेटला. "आमराईत वाटा घे, वहिनी. बुडायची भीती नाही."

"फळ कधी?"

"सातव्या वर्षी."

"तोवर माझा चांद्या थांबतोय होय!"

शेवटी धनगरीण म्हणाली, "शेळ्या घे आणि माझ्याकडे अर्धलीनं ठेव. राखीन मी, पिलं निम्मी तुझी, निम्मी माझी. तिप्पट नाही व्हायचं, पण अडलीस तर येत्या बाजाराला विकता येतील."

"आणि रोग आला तर?"

"काही मरतील. खोटं कशाला बोलू?"

तेलिणीनं सोळा रुपयांच्या शेळ्या घेतल्या. निम्म्या ह्या धनगरणीच्या कळपात, निम्म्या पलीकडच्या गावी दुसऱ्या धनगराकडे. तीन रुपये अडीअडचणीला गाडग्यात ठेवले. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालेलं बघून तिला हसू आलं. उरलेला रुपया तिनं त्याच्या हातावर ठेवला. "घाला तांड्यात. बुडाला तरी चूल विझायची नाही."

दोन वर्षं सरत आली आणि चांद्या घाण्यापाशी बसला तो उठेना. एका कळपात मध्यंतरी साथ येऊन गेली होती. तरी उरलेल्या शेळ्या, पिलं आणि गाडग्यातले तीन मिळून तीस रुपये जेमतेम भरले. नवा बैल आला. चांद्या चिंचेखाली बसून मऊ पेंड खाऊ लागला.

शेजाऱ्याचाही बैल त्याच सुमारास थकला. पुंजी तांड्याबरोबर, तांड्याचा पत्ता नाही. घाणा बंद, पोरं उपाशी. वासरापासून वाढवलेला बैल त्यानं चार रुपयांना बाजारात विकला, आणि घरी येऊन कोपऱ्यात तोंड लपवून रडला.

वर्षानं तांडा आला. आणि खरंच सांगते, नायकानं एकाचे तीन दिले! तेली नाचतच घरी आला. "बघ, बघ! सगळे घातले असते तर?"

 तेलीण शेजाऱ्याकडे बघत होती. तिप्पट पैसे कमरेला बांधून तो आपला बैल शोधायला निघाला होता. सात गावचे बाजार तो फिरला. बैल काही मिळाला नाही.

तात्पर्य एवढंच, लेकरांनो: किती मिळेल हे दुसऱ्याला विचारण्याआधी, कधी लागेल आणि बुडालं तर काय गमवावं लागेल, हे आपलं आपल्याला विचारावं.