चार दिवसांची कणीक

फ्रिज घरात नवानवा आला होता, तेव्हाची गोष्ट. कुमुदबाईंनी पोळ्या लाटून उरलेला कणकेचा गोळा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. गोळा भलताच खूश झाला. रोज दार उघडलं की ओट्यावरच्या ताज्या कणकेला तो म्हणे, "बिचारी! घटकाभरात तव्यावर जाशील. मी बघ, आहे तसाच!" एव्हाना तो काळा पडून आंबला होता.

चौथ्या दिवशी कुमुदबाईंनी डबा उघडला आणि नाकाला पदर लावला. "अन्न टाकायचं कशाला? गाईला घालू, तेवढंच पुण्य," म्हणत त्यांनी तो दारातल्या गाईपुढे धरला. गोळ्याला वाटलं, आपल्याला मानाचं पान मिळालं.

गाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"बाई," ती म्हणाली, "पुण्य तुमचं, पण पोट माझं आहे."