गाठीभोवतीची माया

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, कारण मी त्या खोलीत उभा होतो. म्हणजे उभा नव्हतो, बसलो होतो. आणि खोलीत नव्हे, बाहेरच्या बाकावर. पण दार उघडं होतं.

एकदा एक वृद्ध शल्यवैद्य आपल्या शिष्याच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. शिष्यासमोर एसटीची एक कंडक्टर बाई होती. तिच्या स्तनातली गाठ तिसऱ्यांदा आली होती, त्याच जागी. गाठ दुर्मिळ जातीची, पण कर्करोगाची नव्हे. दोन्ही वेळा शिष्यानेच काढलेली.

"सासूबाई म्हणतात, उपास मोडते म्हणून येते," बाई म्हणाली. "नवरा म्हणतो, तिकिटांच्या पिशवीचा पट्टा घासतो, नोकरी सोड. तुम्ही काय म्हणता?"

शिष्य मृदू स्वरात म्हणाला, "ताई, तुम्ही फार विचार करता. काहींची प्रकृतीच गाठी धरणारी असते."

"मग उद्या राजीनामा देते. आणि पुन्हा कापून तरी काय मिळणार? आता नकोच."

वृद्धांनी पेपर खाली ठेवला. टेबलावरची शाईची बाटली उचलली आणि शिष्याच्या कोऱ्या पांढऱ्या कोटावर ओतली.

"सर, अहो!"

"डाग कापून काढ. अगदी कडेकडेने. पांढरं कापड तसूभरही वाया जाता कामा नये."

शिष्याने कोट उतरवला आणि सफाईने डाग कापून काढला. पण ओली शाई विणीतून आधीच पुढे झिरपली होती. बघता बघता भोकाची कड निळी झाली. त्याने पुन्हा कडेकडेने कापलं. पुन्हा निळी.

"आता विचार त्या कोटाला," वृद्ध म्हणाले, "उपास मोडलास का? फार विचार करतोस का?"

बाईला हसू आवरेना. वृद्ध मात्र हसले नाहीत.

"ही गाठ दिसते तिथे संपत नाही. शिंपीसुद्धा रेघेबाहेर माया, म्हणजे थोडं जास्तीचं कापड, सोडून कापतो. गाठीभोवतीचा बोटभर निरोगी भाग तिच्याबरोबर काढायचा असतो. आकार बिघडू नये म्हणून तू तो राखलास. बाईवर माया केलीस आणि गाठीभोवती ठेवली नाहीस. ती चूक एक वेळ माफ करीन. पण स्वतःची कात्री झाकायला तू हिच्या स्वभावावर बोट ठेवलंस, ते नाही."

मग ते बाईकडे वळले. "गाठीचा तुकडा आधी तपासू. जात बिघडून कर्करोगाकडे झुकली असेल, तर तसं स्पष्ट सांगेन. नसेल, तर भोवती माया ठेवून मी स्वतः काढीन. आकार थोडा बदलेल. बहुतेक जणी बऱ्या होतात. तरी वर्षानुवर्षं तपासायला यायचं, कारण परत येण्याची शक्यता थोडी उरतेच. ती उपासावर ठरत नाही."

"आणि पट्टा?"

"जखम भरली की घ्या, हव्या त्या खांद्यावर."

"मग राजीनामा कशाला? रजाच टाकते." दारात ती थांबली. "डॉक्टर, कोटाला ठिगळ लावाल तेव्हा माया ठेवा हं."

शिष्य भोकातून आपल्याच बोटांकडे पाहत होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "तुमचं काही चुकलं नव्हतं."

आता कबुली. शाई मी रचली; खरं तर ते वृद्धही मीच रचले. ‘तुम्ही फार विचार करता’ हे वाक्य मात्र मला रचावं लागलं नाही.