उतरलेली पट्टी

वाद्यांना बोलता येत होतं, त्या काळची गोष्ट. बारा तारांच्या एका साध्या गिटारीनं सुताराच्या हाताखालीच वसा घेतला होता : मला धरतील त्या बोटांना दुखवणार नाही.

पण दुकानात शेजारची शिसवी गिटार तिला सारखी हिणवायची. "स्वस्तातली गं तू! तुझा आवाज तो केवढा!" ऐकून ऐकून साधीनं ईर्ष्येनं आपल्या तारा ताणून पट्टी चढवून घेतली.

एके दिवशी गाणारी उल्का आली. शिसवी परवडेना, म्हणून तिनं साधी मांडीवर घेतली. पहिल्याच दाबाला बोटं कळवळली.

"काका, ठेवा परत," ती दुकानदाराला म्हणाली. "माझ्यानं नाही व्हायचं."

गिटारीला आपला शब्द आठवला. वसा मोडला की! दुकानदार तिला खुंटीला अडकवू लागला, तसं तिनं घाईनं बाराही तारा सैल सोडल्या.

"पट्टी ढासळली बाईची!" शिसवी खिदळली.

उल्कानं निघता निघता सहज तारा दाबून छेडल्या आणि थबकली. बोटं दुखेनात. सोबत गुणगुणताना गळाही अलगद लागला.

"अहो काका, ही तर माझीच पट्टी! हीच द्या."

बाळांनो, तिनं वसा सांभाळला. कुणी हात पुढे केला, तर तुम्हीही आपली पट्टी थोडी उतरवा हं.