मायाप्पाची शीळ

“कुत्र्याचा चांगला धनी व्हायला आणखी कोणता नेम धरू, बुवा? सांगाल तो धरतो. भंडारा उचलून सांगतो!”

बिरोबाच्या देवळात सिदू हळदीच्या भंडाऱ्याची मूठ आवळून उभा होता. पोर तापट. डोक्यात आलं की शपथ घेऊन मोकळं. थोरला भाऊ मायाप्पा साप चावून गेला, त्याला आठवडाही झाला नव्हता. मागे राहिली मेंढरं, आणि त्याचा कुत्रा भुंग्या.

भुंग्या अन्नाला शिवत नव्हता. देवळाबाहेर, रानाच्या वाटेकडे तोंड करून पडून होता. बरगड्या वर आल्या होत्या.

म्हातारे हालाप्पाबुवा देवळाच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, “आधीचे नेम कोणते?”

“काठी उगारायची नाही. गोचिडी रोज काढायच्या. तो खाईपर्यंत आपण घास घ्यायचा नाही...”

“म्हणजे तूही उपाशी.”

सिदूनं मान फिरवली.

“बोलावलं की येतो का?”

“येतो तर! दादाची शीळ शिकलोय, हुबेहूब. घोंगडंही दादाचंच पांघरतो. वास ओळखीचा वाटावा म्हणून.”

“घाल बघू शीळ.”

सिदूनं दोन बोटं तोंडात घातली. लांब शीळ गेली, शेवटी वर चढणारी.

भुंग्या ताडकन उठला. अंगात त्राण नसताना धावत आला. घोंगडं हुंगलं. सिदूच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या मागं जाऊन पाहिलं...

मागं कोणी नव्हतं. शेपूट खाली गेलं. तो परत वाटेकडे जाऊन पडला.

“असं कितींदा करतोस?”

“दिवसभर. सवय व्हावी म्हणून.”

“दिवसभर त्याचा धनी मरतोय, लेका.”

सिदू भडकला. “मग काय करू? माझ्या हाकेला तो कान देत नाही!”

“तुझी हाक कोणती?”

सिदूची दोन बोटं पुन्हा तोंडाकडे गेली... पण ती शीळ तर दादाची. त्यानं हात खाली घेतला.

बुवा उठले. त्याच्या खांद्यावरचं घोंगडं त्यांनी उतरवलं, घडी घातली, देवापुढं ठेवलं.

घोंगड्याविना सिदू एवढासा दिसू लागला. मायाप्पाला मातीत ठेवलं त्या दिवशीही तो पांगलेली मेंढरं वळत होता. डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. भावकी म्हणाली होती, दगड आहे दगड.

“दादा...” एवढंच म्हणून तो पायरीवर बसला आणि हंबरडा फोडून रडू लागला. मूठ सुटली. भंडारा सांडला.

वाटेवर भुंग्याचे कान उभे राहिले.

तो आला. या खेपेला धावला नाही, मागंही पाहिलं नाही. सिदूचा पिवळा तळहात चाटला आणि गुडघ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटले.

सिदू हुंदके देत म्हणाला, “बुवा... मी तर हाक मारलीच नाही.”

बुवांनी परातीत दोघांपुरती भाकरी कुस्करायला घेतली.

“मारलीस.”